पक्की प्रत

राजमतीला अर्धांगाचा झटका आला तेव्हा ती मला बोलत होती. म्हणजे चूक कुणाची, हे उघडच आहे. जेवण झाल्यावर मी तिसरा लाडू उचलला, ती म्हणाली, "पुरे..." आणि पुढचं वाक्य आलंच नाही. बेचाळीस वर्षांच्या संसारात तिनं स्वतःचं वाक्य अर्धवट सोडल्याचं मला आठवत नाही. माझी तोडली असतील, ती गोष्ट वेगळी. म्हणून मी लाडू ताटात ठेवला आणि ॲम्ब्युलन्सला फोन केला. मिरजेत राहण्याचा हा एक फायदा आहे. इथं गल्लीला दोन इस्पितळं पडतात; आजारी माणसाला फक्त डावीकडं जायचं की उजवीकडं, एवढंच ठरवायचं असतं.

जीव वाचला. पाय आठवड्यात चालू लागला, उजवा हात जरा जड राहिला. गेली ती वाचा. तिला समजत सगळं होतं. वर्तमानपत्रातलं चुकीचं व्याकरण दिसलं की कपाळाला आठी पडायची, पण तोंडून शब्द एकच येई : 'पुरे'. डॉक्टर म्हणाले, असं होतं. शब्द जुळवणारा भाग बंद पडतो, पण शेवटचा किंवा फार वापरातला एखादा शब्द आत अडकून राहतो. हा शब्द दोन्ही कसोट्यांना उतरत होता. चहा हवा, पुरे. खिडकी लावा, पुरे. आमची मुलगी त्रिशला बेळगावहून धावत आली, आईच्या गळ्यात पडली, तेव्हाही राजमती तिच्या पाठीवरून हात फिरवत "पुरे, पुरे" म्हणाली. त्याचा अर्थ 'आलीस का गं' असा होता, हे आम्हा तिघांनाही कळलं.

पण तीस वर्षं कन्याशाळेत भूमिती शिकवलेल्या बाईला एका शब्दात किती दिवस बसवायचं?

इथं मुबीना जमादार आल्या. वाचा-उपचाराच्या तज्ज्ञ, वय पस्तीसच्या आसपास, चेहरा असा की वाईट बातमीसुद्धा त्यांच्याकडूनच ऐकावी. त्यांनी 'वाचासेतू'बद्दल सांगितलं. तुम्ही ऐकलं असेल. चार वर्षांपूर्वी, दोन हजार बेचाळीस साली, ते नवं होतं. पोस्टाच्या तिकिटाएवढी एक जाळी कवटीच्या आत मेंदूवर बसवतात. माणसाला काही बोलावंसं वाटलं, की ओठ हलण्याच्या आधी त्याच्या मेंदूत अर्थ तयार होतो. तो अर्थ जाळी टिपते आणि गळ्यातल्या पदकाकडं धाडते. पदक बोलतं, आणि ते तुमच्याच आवाजात. आवाज उचलायला जुन्या लग्नाच्या व्हिडिओतली चार वाक्यं भागतात.

"मग अडचण काय?" मी विचारलं. इतकं सरळ काही असत नाही, हा माझा अनुभव.

"अर्थ उघडा असतो सर," मुबीना म्हणाल्या. "चहा, नको, आत्ता. एवढंच जाळीला कळतं. त्याला कपडे घालावे लागतात. कुणी म्हणेल, 'नको हो, आत्ताच झाला.' कुणी म्हणेल, 'ठेवा तिकडं.' कुणी म्हणेल, 'तुमच्या हातचा? नको, आधीच आजारी आहे.'"

"शेवटची आमची."

"तेच तर यंत्राला कळायला हवं. अर्थ एक, पोशाख हजार. त्यातला या माणसाचा कोणता, ते शिकवायला त्या माणसानं स्वतः जुळवलेले ऐंशी हजार शब्द लागतात. तरुण पेशंटांचं सोपं असतं. त्यांच्या फोनमध्ये पाच लाख सापडतात."

राजमतीच्या फोनमध्ये आम्ही शोधलं. सबंध आयुष्यात तिनं लोकांना फक्त अंगठा पाठवला होता. माणूस गेल्याचा निरोप आला तर तोही नाही.

तेव्हा जाळी बसवून घेतली आणि तात्पुरती म्हणून यंत्राची सर्वसाधारण बोली लावली. त्रिशलानं पलंगाशी बसून विचारलं, "आई, कसं वाटतंय गं?" आणि आईच्याच आवाजात पदक म्हणालं, "माझी प्रकृती समाधानकारक असून काळजीचे कारण नाही."

त्रिशला रडायलाच लागली. वातावरण हलकं करावं म्हणून मी म्हणालो, "पत्रकार परिषद कधी आहे?"

"आपल्या विनोदाबद्दल आभारी आहे," पदक म्हणालं.

राजमतीनं पदक गळ्यातून काढलं, टेबलाच्या खणात टाकलं आणि खण लावून घेतला. "पुरे," ती म्हणाली. यावेळी अर्थ लावावा लागला नाही.

मुबीना मला व्हरांड्यात घेऊन गेल्या. "जबरदस्ती करता येत नाही. पण चार महिने आहेत आपल्याकडं. त्यानंतर जाळीवर साय धरते, खुणा पुसट होतात. आणि बोलून उपयोग नाही म्हटल्यावर मन अर्थ पुढं धाडायचंच बंद करतं. तोवर त्यांनी रोज बोलायला हवं. बोलण्यासाठी ते त्यांना स्वतःचं वाटायला हवं."

"आणि नाही वाटलं तर?"

"मग हा एकच शब्द, सर. कायमचा."

*

आता थोडं माझ्याबद्दल सांगावं लागेल. टाळता आलं असतं तर टाळलं असतं.

सांगलीच्या एका दैनिकात मी चौतीस वर्षं 'रविवारची खोडी' हे सदर लिहिलं. लेखक भूपाल मगदूम. माझं अक्षर वाईट आहे. पहिला लेख पाठवला तेव्हा कार्यालयातून चिठ्ठी आली होती, 'लेख मिळाला. भाषा कळवावी.' तेव्हापासून आमच्या घरात एक पद्धत पडली. गुरुवारपर्यंत मी पाठकोऱ्या कागदांवर कच्चं लिहायचं. शुक्रवारी संध्याकाळी, शाळेतून आल्यावर, हातपाय धुऊन राजमतीनं हिरव्या पेनानं पक्की प्रत करायची. शनिवारी सकाळी ती सांगलीला जायची. पुढं पेन जाऊन कीबोर्ड आला, शुक्रवार तोच राहिला.

आणि माझा एक नियम होता : छापून आलेलं स्वतःचं लेखन वाचायचं नाही. हलवाई आपली मिठाई खात नाही. लोक रस्त्यात थांबवून म्हणायचे, "मगदूमसाहेब, काय वाक्य लिहिलंय हो!" आणि वाक्य म्हणून दाखवायचे. मला ते आठवायचं नाही. मी मान खाली घालून हसायचो. स्वतःचं इतकं चांगलं वाक्य ज्याला आठवत नाही तो लेखक थोर असला पाहिजे, असं माझं प्रामाणिक मत झालं होतं.

शैलीवर तर मी अधिकारवाणीनं बोलायचो. माझ्या लेखात म्हणे एक वळण असे. इतरांवर फिरणारी सुरी अखेरीस अलगद लेखकाकडंच वळते. त्याला 'मगदुमी वळण' म्हणत. कोल्हापूरच्या एका गृहस्थांनी त्यावर डॉक्टरेट मिळवली. व्याख्यानात लोक विचारायचे, ही शैली कशी घडवलीत? मी सांगायचो, "शैली घडवायची नसते. ती लोणच्यासारखी मुरते. बरणी हलवायची नाही, एवढंच पथ्य." अकरा गावांत मी ही बरणी नेली. प्रत्येक ठिकाणी टाळ्या पडल्या.

तर मी मुबीनांना म्हणालो, "माझे लेख घाला यंत्रात. निम्मं मी हिचंच बोलणं चोरून लिहिलंय. काहीतरी सापडेल."

त्यांना फारशी आशा दिसली नाही. पण म्हणाल्या, "कच्चे कागद असतील तर तेही द्या." ते होते. ज्याची एकही बाजू कोरी आहे असा कागद राजमतीनं कधी टाकला नाही. बिस्किटांची एकोणीस खोकी भरून निघाली.

आठ दिवसांनी मुबीना घरी आल्या. राजमती खिडकीशी डाव्या हातानं मटार सोलत होती. मुबीनांनी चहा घेतला, दुसरा घेतला, हवेबद्दल बोलल्या. मग म्हणाल्या, "सर, यंत्र म्हणतंय हे दोन माणसांचं लिखाण आहे."

"दोन? टीकाकार अर्ध्या माणसाचं म्हणतात."

त्या हसल्या नाहीत. "प्रत्येकाच्या लिहिण्याला चाल असते. मोठे शब्द नव्हेत, बारके. 'तर' किती वेळा येतं, 'पण' कुठं येतं, वाक्य दम कुठं खातं. माणसानं वेष बदलला तरी चाल लपत नाही, तसं. कच्च्या कागदांवर पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच चाल आहे. छापलेल्या लेखांत दोघं चालतायत. छापलेल्यातून कच्चं वजा केलं, तर एक्याण्णव हजार शब्द उरतात." मग त्या अगदी हळू म्हणाल्या, "ते तुमचे नाहीत, सर."

मटार सोलायचा आवाज थांबला होता. मी वळून पाहिलं. राजमतीचे कान लाल झाले होते. लग्नाच्या दिवसानंतर मी ते प्रथमच पाहत होतो.

"पुरे," ती म्हणाली. मला नव्हे, मुबीनांना.

*

त्या आठवड्यात मी आयुष्यात पहिल्यांदा भूपाल मगदूम वाचला.

उदाहरणच देतो. शेजारच्या चौगुल्यांवर मी एक लेख लिहिला होता. आमच्या दोघांच्या मधली भिंत मी रात्रीत सरकवीन, या धास्तीनं ते रोज सकाळी टेप लावून ती मोजायचे. माझ्या कच्च्या कागदावर शेवट होता : 'असा शेजारी असण्यापेक्षा भिंत दुप्पट उंच असलेली बरी.' छापलेल्या लेखात हे वाक्यच नाही. तिथं असं आहे : 'एके दिवशी ते आले नाहीत. मी आपला भिंतीपाशी जाऊन उभा राहिलो. न मोजलेली भिंत फार लांब दिसते.'

हे छापून आलं त्या रविवारी चौगुले आंब्याची पेटी घेऊन आले होते. डोळे पुसत म्हणाले, "मगदूम, तुम्ही माणूस ओळखता." मला वाटलं, माणूस सुधारला. आंबे मीच खाल्ले.

असे सतराशे लेख. ती फार काही करत नव्हती. माझी दोन वाक्यं काढायची, एक आपलं घालायची. पण कच्चा मगदूम वाचताना मला कळत होतं, की हा गृहस्थ हुशार आहे, तिरका आहे, आणि याला कुणी घरात घेणार नाही. लोकांना आवडलेला, स्वतःवर हसणारा, मवाळ म्हातारा शुक्रवारी संध्याकाळी तयार होत होता. लोक मला तो समजून वागवायचे, दारात थांबून चौकशी करायचे. त्यांना निराश कशाला करा, म्हणून मीही हळूहळू तसाच वागायला लागलो. आता सवय झाली आहे.

मुबीनांनी एक फॉर्म दिला. यंत्राला द्यायचा नमुना रुग्णाचाच आहे, असं जाहीर करून सही करायची होती. त्या काळात शैलीच्या चोऱ्या फार होऊ लागल्या होत्या, म्हणून सरकारनं शैलीची नोंदवही काढली होती. एक शैली, एक नाव, आणि नोंद सर्वांना खुली. मगदुमी वळण माझ्या नावावर होतं. माझे समग्र लेख छापायला गेले होते. नोव्हेंबरात सांगलीला सत्कार होता. वक्ते ठरले होते, बरणीसकट.

"अण्णा, कसला विचार करताय?" त्रिशलानं विचारलं.

"विचार करत नाही, कुढतोय. विचार उद्यापासून."

तीन दिवस कुढलो. ते लपवण्यात अर्थ नाही. चौथ्या दिवशी सही केली आणि फॉर्म राजमतीपुढं ठेवला. तिचा अंगठा हवा होता. तिनं कागद डाव्या हातानं उचलला, दातात धरला आणि नीट मधोमध फाडला. भूमितीची बाई. दोन्ही तुकडे सारखे.

मी दुसरा आणला. तो तिनं फाडू नये म्हणून हातात न देता बिस्किटाचं एक खोकं उघडलं, समोर बसलो आणि वाचायला लागलो. आधी माझं कच्चं, मग तिचं पक्कं. नगरसेवकाच्या उद्घाटनाचा लेख. माझ्या आत्यानं बारशात काढलेल्या भांडणाचा. तिच्या वाक्यांना मला हसू आवरेना. मला ती नवी होती ना! तिसऱ्या लेखाला तीही हसायला लागली. हसणं मेंदूच्या दुसऱ्या भागात असतं म्हणे. तिथं काही बिघडलेलं नव्हतं. पोट धरून हसली. पाणी आलं डोळ्यांत.

"चौतीस वर्षं मी एका लेखिकेशेजारी झोपलो," मी म्हणालो, "आणि बाहेर सांगत फिरलो की आमची ही घोरते. का बोलली नाहीस?"

जिला बोलता येत नाही तिला विचारायचा हा प्रश्न नव्हे. तिनं माझ्याकडं बघितलं, फॉर्मकडं बघितलं, आणि मान हलवली. नको. ती माझ्यासाठी नको म्हणत होती, हे कळायला यंत्र लागलं नाही.

"अगं, माझं काय जातंय?" मी म्हणालो. "नाव गेलं तरी मला बोलता येतंय."

तिनं फॉर्म आपल्याकडं ओढून घेतला. मग शाईच्या पॅडवर डावा अंगठा टेकवला, आणि फॉर्मवर उठवला.

*

इथं गोष्ट संपायला हवी होती. तशी ती संपली नाही, कारण यंत्र बोलायला लागलं आणि राजमतीला ते आवडलं नाही.

नव्या पदकावर दोन बटणं होती. वाक्य बोलून झालं, की ते आपलं वाटलं तर एक दाबायचं, नाही वाटलं तर दुसरं. यंत्र त्यावरून शिकतं. मुदतीचे तीन आठवडे उरले होते. मुबीनांनी विचारलं, "काकू, कशा आहात?"

पदक म्हणालं, "बरी आहे. खरोखर बऱ्या माणसाला इतके लोक विचारत नाहीत, एवढंच."

मुबीनांनी टाळी वाजवली. मी खुर्चीतून उठलो. राजमतीनं 'नाही' दाबलं.

त्रिशलानं पाणी हवं का विचारलं. पदक म्हणालं, "दे. तहान माझी आहे, पण ग्लास धरायला तूच लागतेस." नाही. दूध आलं का? "आलं. उतू गेलेलं नेहमी माझ्याच बाजूला सांडतं." नाही. वाक्यं वाईट नव्हती. पण दूध आणायला पैठणी नेसून गेल्यासारखं होत होतं. साध्या हो-नाहीलाही वळण. दोन आठवडे हेच चाललं. दिवसाला शंभर वाक्यं, शंभर वेळा नाही. मुबीना थकल्या. राजमती दुपारची पदक काढून ठेवायला लागली. पाच दिवस राहिले.

शेवटी माझा तोल गेला. इतके दिवस मी शहाण्यासारखा कोपऱ्यात बसलो होतो. रुग्णासमोर सौम्य बोलायचं, अशी सूचना होती. मी म्हणालो, "घ्या! चौतीस वर्षं नवऱ्याची वाक्यं खोडली, आता स्वतःचीही खोडतेय. हिला वाचा नकोच आहे, डॉक्टर. हिला लाल पेन द्या आणि घरी पाठवा."

पदक ताबडतोब म्हणालं, "पेन हिरवं होतं. आणि तुमची वाक्यं खोडली म्हणून लोक तुम्हाला चहा पाजत होते."

राजमतीनं पदकाकडं खाली बघितलं. मग अंगठ्यानं 'माझं' दाबलं. आणि पुन्हा दाबलं, ऐकू गेलं नसेल म्हणून.

"सर," मुबीना पुटपुटल्या, "अजून बोला. वाईट बोला."

"भूमिती शिकवणाऱ्या बाईला विनोद कळतो, हे मला आज कळतंय."

"तुम्हाला कोन कळत नव्हता. सगळ्यांकडं तिरकंच बघायचात."

माझं. माझं. माझं.

मुबीना हातातला कागद हलवत येरझाऱ्या घालायला लागल्या. चूक त्यांचीही नव्हती. यंत्राला स्वच्छ नमुना हवा म्हणून त्यांनी छापलेल्यातून माझं सगळं काढून टाकलं होतं आणि तिची वाक्यं तेवढी सुटी करून दिली होती. पण ती वाक्यं सुटी कधी नव्हतीच. प्रत्येक वाक्य माझ्या कुठल्यातरी वाकड्या वाक्याला दिलेलं उत्तर होतं. भांडणातली एकच बाजू कापून यंत्राला पाजली, तर ते भिंतीशी बोलल्यासारखं बोलणारच. शैली म्हणजे एकट्यानं मुरवायचं लोणचं, असं अकरा गावांना सांगून आलेला मनुष्य तिथंच बसला होता.

त्या दिवशी त्यांनी यंत्राला जोड्या शिकवल्या : आधी माझं कच्चं, मग तिचं पक्कं. दुसऱ्या दिवसापासून राजमती बोलायला लागली. फक्त एक होतं. कुणीतरी आधी डिवचावं लागे. गोड बोलणाऱ्याला उत्तर देताना यंत्र पुन्हा पत्रक काढायचं.

"सध्या तुम्हाला सोबत बसावं लागेल, सर," मुबीना म्हणाल्या. "खोडी काढायची."

"किती वेळा?"

"दिवसातून सहा. जेवणाआधी आणि नंतर. 'माझं' म्हटलेलं प्रत्येक वाक्य यंत्र साठवतं. साठा वाढला, की तुमची गरज कमी होत जाईल."

नवऱ्यानं बायकोला दिवसातून सहा वेळा टोचून बोलावं, असा लेखी सल्ला इस्पितळाच्या शिक्क्यानिशी आमच्या कपाटात आहे. मित्र प्रती मागून नेतात.

*

सत्कार झाला नाही. आयोजकांनी मग राजमतीला बोलावलं, ती म्हणाली, "माझ्या वाक्यांना हार घालता येईल इतकी ती लांब नाहीत." कोल्हापूरच्या डॉक्टरसाहेबांचं पत्र आलं, पदवी परत करावी लागेल का? मी कळवलं, ठेवा. वळण खरं होतं, फक्त गाडी कोण चालवत होतं त्याचा घोटाळा झाला. समग्र लेखांवर दोन नावं आली. तिचं आधी.

दर सोमवारी मुबीना चाचणी घ्यायच्या आणि राजमती माझ्यावर किती टेकून बोलते तो आकडा सांगायच्या. पहिल्या आठवड्यात शंभरात शहाण्णव. मग ऐंशी. मग एकसष्ट. आकडा उतरला की मी टाळ्या वाजवायचो, त्रिशलाला फोन करायचो, आणि मग अंगणात जाऊन कुंड्यांना पाणी घालायचो. एका सोमवारी पावसात घातलं.

चाळीसवर आकडा अडला. दोन महिने हलेना. चाचणीत मुबीना काही विचारायच्या, राजमती माझ्याकडं बघत राहायची, आणि मी काहीतरी वाकडं बोललो की पदक खुलायचं. मुबीनांना काळजी वाटायला लागली. मलाही वाटायला हवी होती. मी रोज पहाटे उठून, वर्तमानपत्र चाळून, दिवसभराच्या सहा खोड्या वहीत उतरवून ठेवायचो. सदर लिहितानाही मी इतका नेमानं कधी बसलो नव्हतो.

एका सकाळी असाच आतल्या खोलीत बसलो होतो. चौथी खोडी जमत नव्हती. बाहेर भिंतीपाशी राजमती आणि चौगुल्यांची सून बोलत होत्या. म्हणजे सून बोलत असणार, असं मी धरून चाललो होतो. ती पोर फार गोड बोलते. तिच्यापुढं यंत्राचा निभाव लागायचा नाही. मदतीला जावं म्हणून उठलो, आणि दाराशी थांबलो.

"काकू, तुमचं हे बोलणं काकांनी चिडवल्याशिवाय येत नाही म्हणे. खरं काय हो?"

"खरं होतं. दिवाळीपर्यंत."

"अय्या! आता येतं?"

"तुझ्याशी काय मी अर्धा तास मुकेपणानं बोलतेय?"

"मग डॉक्टरीणबाईंना सांगितलं नाहीत ते?"

कोथिंबिरीच्या काड्या मोडल्याचा आवाज आला.

"सांगीन की. घाई काय आहे? पहाटे उठून वहीत लिहीत बसतात. चष्मा कपाळावर, जीभ दातात. लिहिणं सुटल्यावर चार वर्षं नुसते घड्याळ बघत होते गं. आता विचारतात, आज सोमवार ना? चाचणी आहे ना? तू बोलू नकोस त्यांच्याजवळ."

मी आत येऊन खुर्चीत बसलो. बाहेर जाऊन 'ऐकलं बरं का सगळं' म्हणावं, असं क्षणभर वाटलं. पण एका बाईनं चौतीस वर्षं जपलेली गोष्ट आपण उघड्यावर आणली. तिची दुसरीही लगेच पकडायची, हे काही बरं दिसलं नाही.

थोडा वेळ जाऊ दिला. डोळे पुसले, चष्मा पुसला. चौथी खोडी सुचली नव्हती. जी तोंडाला येईल ती चालणार होती. चपला मुद्दाम फटफट वाजवत अंगणात गेलो, घसा खाकरला आणि म्हणालो, "काय, आज भिंतीला भूमिती शिकवणं चाललंय वाटतं?"

राजमतीनं चौगुल्यांच्या सुनेकडं एकवार बघितलं. मग ती माझ्याकडं वळली, आणि माझ्या शब्दासाठीच इतका वेळ अडून राहिल्यासारखं, तिनं लगेच उत्तर दिलं.